वाचकांचे प्रश्न : समुद्रतळाखालचा मिथेनचा बर्फ आणि त्यावर उभे राहणारे पाये

मागच्या अंकात आंध्रच्या किनाऱ्याबाहेरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्राविषयी एक टिपण आले होते. त्यात गॅस हायड्रेटचा, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकून तयार होणाऱ्या बर्फासारख्या घन पदार्थाचा, ओझरता उल्लेख होता आणि हा पदार्थ वितळल्यास समुद्रातील बांधकामांच्या पायांना धोका पोहोचतो असे एक वाक्य होते. त्या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना या वेळचे संपूर्ण सदर दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा मुंबई हायच्या एका प्लॅटफॉर्मवर कामाला असतो. समुद्राखालचा मिथेनचा बर्फ वितळला की वरचे प्लॅटफॉर्म एका रात्रीत खचतील, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. यात किती तथ्य आहे? (एक वाचक, उरण)

उत्तर : मुंबई हायपुरते बोलायचे तर काहीही तथ्य नाही, आणि त्याचे कारण साध्या आकड्यांत सांगता येते. गॅस हायड्रेट टिकून राहण्यासाठी थंडी आणि दाब या दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. शून्य अंश सेल्सिअसला सुमारे २६ बार, म्हणजे साधारण २६० मीटर पाण्याच्या वजनाइतका दाब लागतो. चार अंशांना तो ४० बारच्या आसपास जातो, आणि वीस अंशांना २०० बारच्याही पुढे. मुंबई हायला पाण्याची खोली आहे सुमारे ७५ मीटर. म्हणजे तळाशी दाब जेमतेम साडेआठ बार, आणि पाणी उबदार. अशा जागी हायड्रेट तयारच होत नाही, मग ते वितळण्याचा प्रश्न कुठून येणार? तळाखाली आणखी खोल गेल्यास दाब वाढतो हे खरे, पण पृथ्वीच्या पोटातील उष्णतेमुळे तापमान त्याहून झपाट्याने वाढते, त्यामुळे तिथेही हायड्रेटचे गणित जुळत नाही.

मुंबई हायच्या पायांची चिंता अभियंत्यांना नव्हती असे मात्र नाही. त्या भागातील चुनखडीयुक्त वाळूत ठोकलेल्या पाइलला, म्हणजे पायाच्या लांब खांबाला, बाजूने मिळणारे घर्षण साध्या वाळूच्या मानाने बरेच कमी भरते, आणि पाइलची रचना करताना ते गृहीत धरावे लागते. तो विषय पूर्णपणे वेगळा आहे. आपण मुलाच्या बाबतीत निदान या बर्फाची काळजी मनातून काढून टाकावी.

प्रश्न : मी स्थापत्य अभियंता आहे. एक घनमीटर हायड्रेट वितळले की १६४ घनमीटर वायू सुटतो असे सर्वत्र वाचायला मिळते. इतके प्रसरण होणार असेल तर खोल समुद्रात पाया टिकतोच कसा? आणि नेमका धोका कोणत्या पायाला असतो? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे, म्हणून त्याला अधिक जागा देत आहोत.

१६४ हा आकडा बरोबर आहे, पण तो जमिनीवरच्या हवेच्या दाबाचा आहे. एक हजार मीटर पाण्याखाली दाब शंभर बारच्या घरात असतो. त्या दाबाखाली तोच वायू आकसून सुमारे दीड घनमीटरात मावतो आणि पिंजरा मोडल्यावर उरलेले पाणी ०.८ घनमीटर भरते. म्हणजे एका घनमीटराचे साधारण सव्वादोन घनमीटर होतात. वृत्तपत्री लेखांत १६४ पट म्हटले की डोळ्यांसमोर स्फोट उभा राहतो. खोल समुद्रतळाखाली तसे काही घडत नाही. तिथे जे घडते ते संथ असते आणि पायाच्या दृष्टीने अधिक वाईट असते.

आपण मृदा यांत्रिकी शिकलेले आहात, तेव्हा कार्ल टर्झागी यांचे तत्त्व आपणास ठाऊक असेलच : मातीची ताकद तिच्यावरील एकूण भारावर ठरत नाही, तर त्या भारातून कणांमधल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते त्यावर ठरते. माळीण किंवा इर्शाळवाडीचा डोंगर ऐन अतिवृष्टीत सुटला, त्यामागेही मातीत वाढलेल्या पाण्याच्या दाबाचा हात असतो. आता समुद्रतळाखाली पन्नास मीटरवरचा मऊ चिकणमातीचा थर घ्या. वर एक किलोमीटर पाणी असले तरी ते पाणी कणांमधल्या छिद्रांतूनही तितकेच दाबत असते, म्हणून ताकदीच्या हिशेबात ते धरता येत नाही. मातीचे पाण्यातील वजन घनमीटरला पाच ते सात किलोन्यूटन धरले, तर पन्नास मीटरवर कणांना एकमेकांवर दाबून धरणारा ताण भरतो जेमतेम तीन बार. त्या थराच्या साऱ्या ताकदीचे भांडवल एवढेच.

आता दुसरी बाजू पाहा. या खोलीवर हायड्रेट टिकण्या-न टिकण्याची सीमारेषा अशी आहे की, तापमान त्या रेषेच्या पलीकडे एक अंशाने सरकले, तर उरलेले हायड्रेट स्थिर राहण्यासाठी सुमारे दहा बार अधिक दाब लागतो. वितळणारे हायड्रेट तो दाब स्वतःच तयार करते, कारण सुटलेला वायू चिकणमातीतून सहजी बाहेर पडू शकत नाही. वाळू असती तर वायू वाट काढून निघून गेला असता. चिकणमातीत तो अडकतो. एका अंशाला दहा बार आणि जवळ शिल्लक तीन बार. छिद्रातला दाब तीन बारने वाढला की कणांमधला ताण शून्यावर येतो, माती चिरते आणि त्या चिरांतून वायू व पाणी वर सरकू लागते. त्याशिवाय छिद्रांत बसून कणांना सांधून धरणारे हायड्रेट हे एक प्रकारचे सिमेंटच असते. तेही त्याच वेळी नाहीसे झालेले असते. सांधा गेला, वर पाणी आणि वायू वाढला, आणि ताण घटला, अशा तीन गोष्टी एकाच जागी एकदम होतात.

हे तापमान वाढवतो कोण? बहुतेक वेळा आपणच. तळाखाली दोन-तीन किलोमीटरवरून येणारे तेल किंवा वायू साठ, सत्तर किंवा त्याहून अधिक अंशांचा असतो, आणि तो ज्या पोलादी नळीतून वर येतो तिच्याभोवतीची माती जेमतेम आठ-दहा अंशांची असते. हायड्रेट वितळवायला किलोमागे चारशेहून अधिक किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे साध्या बर्फापेक्षाही जास्त, त्यामुळे हे काम सावकाश चालते. पण विहीर वीस-पंचवीस वर्षे चालते. उष्णतावहनाचा साधा हिशेब मांडला तरी एवढ्या काळात वितळलेल्या मातीचे वलय नळीभोवती कित्येक मीटर पसरू शकते, असे दिसते. एकाच ठिकाणी सात-आठ विहिरी जवळजवळ घेतल्या असतील तर ही वलये एकमेकांत मिसळतात आणि मधला सगळा पट्टाच सैल होतो.

म्हणून धोका कोणाला, याचे उत्तर विहिरीपासूनच्या अंतरावर अवलंबून आहे. सर्वांत आधी फटका बसतो तो विहिरीच्या स्वतःच्या बाहेरच्या नळीला, म्हणजे कंडक्टर आणि केसिंगला. वेलहेड, म्हणजे विहिरीचे तोंड, आणि त्यावरच्या जड झडपांचे वजन हीच नळी मातीच्या घर्षणावर तोलून धरत असते. घर्षण गेले तर वजन खाली उतरू लागते. त्यातच आजूबाजूची माती बसू लागली तर ती नळीला धरून खाली ओढते आणि नळी मधेच वाकण्याची वेळ येते. नळी आणि माती यांच्यामधल्या सिमेंटला तडा गेला, तर वायूला थेट समुद्रतळापर्यंत वाट मिळते. त्यानंतर क्रम लागतो विहिरींच्या मधोमध ठेवलेल्या, त्यांचा प्रवाह एकत्र करणाऱ्या मॅनिफोल्डच्या पायांचा, आणि गरम तेल वाहून नेणाऱ्या, तळावर पसरलेल्या नळवाहिन्यांचा.

तरंगत्या जहाजांना धरून ठेवणाऱ्या नांगरांच्या सक्शन पाइलची, म्हणजे आतले पाणी उपसून तळात ओढून बसवलेल्या आणि वरून बंद असलेल्या पोकळ नळ्यांची, मात्र आपण समजता तितकी चिंता नसते. एक तर ते विहिरींपासून दूर असतात. दुसरे म्हणजे ते साधारण दहा ते तीस मीटरच तळात शिरलेले असतात, आणि तळालगतच्या पहिल्या काही मीटरांत सहसा हायड्रेट नसतेच, कारण तिथे समुद्राच्या पाण्यातील सल्फेटच्या आधारे जगणारे सूक्ष्मजीव वर येणारा मिथेन संपवून टाकतात. अपवाद आहे तो तळातून वायू झिरपणाऱ्या जागांचा, जिथे हायड्रेट अगदी तळाच्या पृष्ठभागापर्यंत सापडते. अशा जागी पाइल घालूच नये हे उत्तम. भूकंपीय सर्वेक्षणात त्या आधीच दिसतात, आणि नांगराची जागा दोन-चारशे मीटर सरकवणे कागदावर फुकटात होते.

विहिरीच्या बाबतीत उपाय आहेत आणि ते रूढही झाले आहेत. आतली नळी दुहेरी भिंतीची घेऊन मधे निर्वात पोकळी ठेवतात. दोन नळ्यांमधल्या जागेत उष्णता कमी वाहून नेणारा द्रव भरतात. विहिरींमधले अंतर वाढवतात. आणि हायड्रेटच्या पट्ट्यात केसिंगमागे भरायचे सिमेंट कमी उष्णता देणारे निवडतात, कारण सिमेंट आवळताना बाहेर पडणारी उष्णताही नळीलगतचे हायड्रेट वितळवू शकते आणि सिमेंटमध्ये वायूचे मार्ग सोडून जाऊ शकते. आमच्या मते यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे.

प्रश्न : नॉर्वेजवळ हजारो वर्षांपूर्वी झालेले प्रचंड भूस्खलन हायड्रेट वितळल्यामुळे झाले, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. समुद्र तापत असल्याने तसे पुन्हा घडेल का? (एक शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : आपण म्हणता ते स्टोरेगा भूस्खलन. सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी नॉर्वेच्या किनाऱ्याबाहेर अंदाजे तीन हजार घनकिलोमीटर गाळ घसरला, आणि त्यातून उठलेल्या त्सुनामीने आणून टाकलेल्या वाळूचे थर स्कॉटलंड आणि शेटलंड बेटांवर आजही सापडतात. हायड्रेटचे स्पष्टीकरण एके काळी खरोखरच जोरात होते. पण याच घसरणीच्या खाचेत ऑर्मेन लांगे हे मोठे वायुक्षेत्र १९९७ मध्ये सापडले, आणि तिथे सामग्री बसवण्यापूर्वी उतार पुन्हा घसरेल का याची खात्री करून घेणे भाग पडले. त्या निमित्ताने झालेला अभ्यास समुद्री उतारांच्या इतिहासातील सर्वांत सखोल अभ्यासांपैकी आहे. निष्कर्ष असा निघाला की, हिमयुगात हिमनद्यांनी मऊ सागरी चिकणमातीवर फार झपाट्याने गाळ आणून टाकला, खालच्या थरांतील पाण्याला निघून जायला सवड मिळाली नाही, दाब साचत गेला, आणि शेवटचा धक्का बहुधा तीव्र भूकंपाने दिला. हायड्रेट त्या भागात आहे, त्याने काही ठिकाणी भर घातली असेल, पण मूळ कारण ते नव्हे. तो सगळा अस्थिर गाळ आधीच घसरून गेलेला असल्याने खाचेतला उतार आज स्थिर आहे असे ठरले, आणि २००७ पासून तिथून वायू निघतो आहे.

समुद्र तापण्याविषयी. सुमारे तीनशे ते पाचशे मीटर खोलीवर, जिथे हायड्रेटचा पट्टा उताराच्या वरच्या कडेला निमुळता होत संपतो, तिथे एखाद्या अंशाची वाढही परिणाम करू शकते. हजार मीटर किंवा त्याखाली हीच वाढ तळातून आत झिरपून पट्ट्याच्या बुडापर्यंत पोहोचायला शतके, सहस्रके लागतात. आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांजवळ २००८ मध्ये तळातून उठणारे वायूच्या बुडबुड्यांचे अडीचशेहून अधिक स्तंभ आढळले, तेव्हा ते तापमानवाढीचे फळ असल्याचे म्हटले गेले; पुढे तिथल्या तळात छिद्रे घेऊन पाहिल्यावर दिसले की, हिमनदीचा भार उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली, पाण्याची खोली आणि दाब घटला, आणि त्यामुळे हायड्रेट हजारो वर्षांपूर्वीपासूनच सुटत होते. पंचवीस वर्षे आयुष्याच्या बांधकामाला हवामानापेक्षा स्वतःच्या विहिरीची ऊब अधिक लागते, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

प्रश्न : हायड्रेट वर काढताच वितळत असेल, तर त्या मातीची ताकद प्रयोगशाळेत मोजतात तरी कशी? (एक विद्यार्थिनी, पनवेल)

उत्तर : हीच या क्षेत्रातील खरी अडचण आहे. २००६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोहीम ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या वेधन जहाजावरून झाली. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात एका ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटयुक्त पट्टा त्या वेळी सापडला, आणि तो वाळूत नव्हे तर चिकणमातीच्या उभ्या-तिरप्या चिरांत भरलेला होता. त्याच मोहिमेत केरळ-कोकण खोऱ्यातही एक छिद्र घेतले होते. तिथे हायड्रेट मिळाले नाही.

अशा मोहिमेत मातीचा लांब दंडगोल नळीतून डेकवर आला की त्यावरून लगोलग अवरक्त कॅमेरा फिरवतात. हायड्रेट फुटताना आजूबाजूची उष्णता शोषून घेते, त्यामुळे जिथे ते असते तिथे नळीवर गार पट्टा उमटतो. नळी उघडली की करड्या मातीत पांढऱ्या शिरा, पापुद्रे आणि गोळे दिसतात. त्यांतून चरचर आवाज येत असतो, आणि थोड्या वेळाने त्या जागी पाणचट, फेसाळ चिखल उरतो. शिरा पूर्णपणे नाहीशा झाल्यावरही खूण राहते : हायड्रेट तयार होताना मीठ बाहेर टाकते, म्हणून ते वितळले की त्या ठिकाणच्या मातीतले पाणी आजूबाजूपेक्षा कमी खारट भरते, आणि क्लोराइड मोजून आधी किती हायड्रेट होते याचा अंदाज बांधता येतो.

पण त्या फेसाळ चिखलाची ताकद मोजून पाया रचता येत नाही, कारण डेकपर्यंतच्या प्रवासात वायूने मातीची घडणच विस्कटलेली असते. म्हणून काही नमुने तळाशीच झडप बंद करून, मूळ दाब राखून वर आणतात आणि दाबाच्या पेटीतच त्यांचे क्ष-किरण चित्र काढून त्यांवर चाचण्या करतात. हे खर्चिक असल्याने असे नमुने मोजकेच मिळतात. बाकी भिस्त असते ती तळातच शंकू दाबून केलेल्या चाचणीवर आणि छिद्रात उतरवलेल्या उपकरणांनी मोजलेल्या विद्युतरोध व ध्वनिवेग यांवर. आपण पनवेलच्याच आहात, तर आपल्या गावातील ओएनजीसीच्या सागरी अभियांत्रिकी संस्थेत समुद्रतळाच्या मातीवर काम चालते, हे ठाऊक करून घ्यावे.

एक धोक्याची सूचना. चिरांमध्ये भरलेले हायड्रेट असलेली माती न वितळलेल्या स्थितीत चांगली टणक लागते. चाचणीतील तो टणकपणा पाइलच्या ताकदीत जमा धरण्याचा मोह होतो. तो धरू नये. रचना करताना हायड्रेट नाहीच असे समजून माती किती भार घेईल तेवढेच धरावे, आणि ते गेल्यावर माती किती बसेल हे वेगळे तपासावे.

प्रश्न : मेक्सिकोच्या आखातातील २०१० च्या दुर्घटनेत हायड्रेटचा संबंध होता असे वाचले. तिथेही तळ खचला होता का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. तिथे घडले ते उलट होते. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या रिगवर स्फोट होऊन ११ जण मरण पावले आणि सुमारे १,५०० मीटर खोलीवरून तेल वाहू लागले. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गळतीवर सुमारे शंभर टनांची पोलादी पेटी उतरवली, तेव्हा वर येणारा मिथेन आणि थंड पाणी यांचा पेटीतच संयोग होऊन हायड्रेट जमले. त्याने तेलाचा मार्ग तुंबवला, आणि ते पाण्याहून हलके असल्याने पेटी उचलली जाऊ लागली. शेवटी ती बाजूला ठेवावी लागली. नंतरच्या लहान टोपीत हायड्रेट जमू नये म्हणून मिथेनॉल सोडण्याची सोय केली होती. वायू झिरपणाऱ्या जागी ठेवलेल्या कोणत्याही पालथ्या पेटीत हे होऊ शकते, आणि सक्शन पाइलची वरची टोपी ही अशीच पालथी पेटी असते, एवढाच त्याचा पायांशी संबंध.

प्रश्न : उद्या आपला देश हायड्रेटमधूनच वायू काढू लागला, तर मुद्दाम वितळवलेल्या मातीवर विहीर कशी उभी राहील? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : काढण्याची जी पद्धत आज व्यवहार्य मानली जाते तीत उष्णता देत नाहीत, तर विहिरीतले पाणी उपसून दाब कमी करतात. पायाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. दाब उतरवून वितळवले की छिद्रातला दाब वाढत नाही, उलट घटतो. कणांमधला ताण वाढतो आणि माती दाबली जाऊन घट्ट होते. ताकद जाण्याचा धोका त्यामुळे कमी, पण थर बसण्याचा धोका जास्त. थर बसला की त्यात रोवलेली केसिंग आखडते आणि तिच्यावर उभा दाब येतो. सिमेंटसारखे सांधणारे हायड्रेट निघून गेल्याने सुटी झालेली वाळू विहिरीत वाहून येते ती निराळीच. जपानने मार्च २०१३ मध्ये नानकाई खाचेच्या परिसरात ‘चिक्यू’ जहाजावरून जगातील पहिली सागरी उत्पादन चाचणी केली, तेव्हा सहाव्या दिवशी वाळू आत शिरल्याने ती थांबवावी लागली. तोवर सुमारे १,२०,००० घनमीटर वायू निघाला होता. चीनने २०१७ मध्ये दक्षिण चीन समुद्रातील शेन्हू भागात सुमारे दोन महिने चाचणी चालवून तीन लाख घनमीटरांहून अधिक वायू काढला.

आपल्याकडे त्याच ‘चिक्यू’ जहाजावरून २०१५ मध्ये झालेल्या दुसऱ्या मोहिमेत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात हायड्रेटने भरलेले वाळूचे थर सापडले, आणि दाब उतरवण्याच्या पद्धतीला वाळूच लागते, कारण चिकणमातीत दाब दूरवर पोहोचतच नाही. मात्र त्या वाळूच्या वर-खाली चिकणमाती आहेच. वाळूतला दाब उतरला की लगतची चिकणमाती वर्षानुवर्षे सावकाश पाणी सोडत बसत राहील, आणि काही दिवसांच्या किंवा महिन्यांच्या चाचणीत ते बसणे पूर्णपणे दिसणार नाही. जपानच्या चाचणीत उत्पादन-विहिरीच्या शेजारी केवळ तापमान मोजण्यासाठी वेगळ्या निरीक्षण-विहिरी घेतल्या होत्या. वितळण्याची सीमा कुठवर सरकली ते त्यांतून कळत होते. आपल्याकडील पहिल्या चाचणीत तशा विहिरी तर हव्यातच, शिवाय समुद्रतळ किती बसला ते मोजणारी उपकरणे चाचणी संपल्यावरही निदान काही वर्षे तिथेच ठेवावी लागतील.